वासाचा माग

सकाळी सातची पाळी सुरू होते. साखर कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावरचा मुरलेला ऑपरेटर मीटर नंतर बघतो. आधी तो हवेच्या टाकीच्या कठड्याला टेकून एक मोठा श्वास घेतो. टाकीच्या तळातून ब्लोअरची हवा बुडबुड्यांनी वर येत असते, तपकिरी पाणी आधणासारखं खदखदत असतं. पहिल्या पावसानंतर शेतातून येतो तसा ओल्या मातीचा वास आला, की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग तो एक लिटरची उभी काचेची नळी त्या पाण्याने भरतो, ओट्यावर ठेवतो आणि घड्याळ बघतो. अर्ध्या तासात चॉकलेटी गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी उरतं. गाळाची रेघ नळीवरच्या कोणत्या आकड्याला टेकली, तो आकडा वहीत चढतो. काही बिघडलं असेल, तर गाळ काळपट दिसतो, किंवा बसायलाच तयार नसतो. पण अशा दिवशी नळी भरायच्या आधीच नाकाने सगळं सांगून टाकलेलं असतं.

कारखान्यात या जागेला सगळे ‘ईटीपी’ म्हणतात. बाहेरच्या लोकांना ती दिसत नाही, फक्त तिचा वास येतो. तोही ती बिघडलेली असते तेव्हाच. गाळप हंगामात एखाद्या कारखान्यावरून जाताना दोन वास लागतात. एक गरम रसाचा, गुळमट, हवाहवासा. दुसरा सडक्या अंड्याचा. हा दुसरा वास आला, की एसटीच्या खिडक्या भराभर बंद होतात, आणि आसपासच्या गावांतली माणसं ‘मळीचं पाणी सोडलं’ असं म्हणून मोकळी होतात. त्या वासामागे मात्र रसायनांची आणि जिवाणूंची एक लांबलचक साखळी असते. उद्योगातलं पाणी शुद्ध करण्याचं, निर्जंतुक करण्याचं आणि दुर्गंधी रोखण्याचं तंत्र म्हणजे या साखळीचा उलट्या दिशेने काढलेला माग आहे. वास नाकापाशी संपतो, पण सुरू कुठे होतो?

सुरुवात होते भुकेपासून. पाण्यात साखर, स्टार्च, दूध, चरबी असं काही सेंद्रिय मिसळलं, की जिवाणूंना मेजवानी मिळते. हे अन्न पचवताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतील, त्या मापाला ‘बीओडी’ म्हणतात: जैविक प्राणवायूची मागणी, एका लिटरमागे इतके मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण २०० ते ३०० असते. नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा आहे ३०. दुधाची बीओडी सुमारे १,००,००० भरते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर आसवनीत जो गडद तपकिरी, गरम, आंबट द्राव उरतो, तो ‘स्पेंटवॉश’. त्याची बीओडी ४०,००० ते ५०,००० पर्यंत जाते, आणि एक लिटर मद्यार्कामागे असा ८ ते १५ लिटर द्राव निघतो.

आता हिशोब मांडून पाहावा. आपल्या हवामानात स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे ४५,००० बीओडीचा एक लिटर स्पेंटवॉश साडेपाच हजार लिटर नदीच्या पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकतो. डेअरीत लवंडलेलं एक लिटर दूध गटारातून नदीला मिळालं, तर बारा हजार लिटर पाण्याचा श्वास कोंडू शकतो. मळीमिश्रित पाण्याने मासे मेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मासे बहुतेक वेळा विषाने मेलेले नसतात, गुदमरून मेलेले असतात.

प्राणवायू संपला म्हणून जिवाणूंचं जेवण थांबत नाही. फक्त पंगत बदलते. प्राणवायूवर जगणारे पानावरून उठतात आणि नायट्रेट वापरणारे बसतात. नायट्रेटही संपलं, की पाळी येते सल्फेटवर जगणाऱ्यांची. हे जिवाणू सल्फेटमधला प्राणवायू वापरतात आणि गंधक सल्फाइडच्या रूपात सोडून देतात. त्यातूनच बनतो हायड्रोजन सल्फाइड: सडक्या अंड्याचा वायू. साखर कारखान्यात सल्फेट येतं कुठून? आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत साखर पांढरी होण्यासाठी गंधक जाळून त्याचा वायू उसाच्या रसात सोडतात. त्यातला काही भाग मळीत उतरतो, मळीतून आसवनीत आणि तिथून सांडपाण्यात. एसटीच्या खिडकीतून आत आलेल्या वासाचा एक धागा असा थेट साखरेच्या पांढऱ्या रंगापर्यंत पोहोचतो.

या वायूसाठी माणसाचं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग असला तरी अनेकांना तो कळतो. मात्र हाच वायू नाकाला दगाही देतो. प्रमाण दहा लाखांत १०० भागांपर्यंत गेलं, की काही मिनिटांत गंधाची जाणीवच बधिर होते. वास थांबला, म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं, आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. प्रमाण ५०० च्या पुढे गेलं, की माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या घरात एक-दोन श्वास पुरे होतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या, मॅनहोलच्या तळाशी साचून राहतो. वर उभ्या असलेल्या माणसाला थोडा वास येतो, खाली उतरलेल्याला काहीच येत नाही. मग त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत तिघाचौघांचे जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच घटनाक्रम असतो. गटारं आणि सेप्टिक टँक यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ही बातमी दरवर्षी छापावी लागणं ही शरमेची गोष्ट आहे, कारण टाकीत आधी दोरीने सोडायचा वायुमापक तळहाताएवढा असतो आणि टाकीत हवा खेळवणारा पंखा कुठल्याही कारखान्याला परवडतो.

उद्योगातल्या दुर्गंधीशी माणसाची लढाई जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आतडी साफ करण्याचे कारखाने होते. जनावरांच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा आणि सोन्याचा वर्ख ठोकताना लागणारा पातळ पापुद्रा बनत असे. त्यासाठी आतडी पाण्यात दिवसेंदिवस कुजवत ठेवायची, म्हणजे आतला थर सुटून येई. कामगारांचे हाल कल्पनेपलीकडचे होते. कुजवल्याशिवाय हे काम करून दाखवणाऱ्याला फ्रान्समधल्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने बक्षीस जाहीर केलं. ते आंत्वान लाबाराक या औषधनिर्मात्याने मिळवलं. त्याने क्लोरीनचं द्रावण वापरलं. आतला थरही सुटला आणि वासही गेला. पुढे हे द्रावण रुग्णालयांत, शवागारांत, गटारांत वापरलं जाऊ लागलं.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला एक गोष्ट खटकत होती. शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांचे हात साबणाने धुऊनही प्रेताचा वास देत. हा वास घालवणारं द्रव्य म्हणून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याचं पाणी निवडलं आणि प्रसूतीआधी त्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या एप्रिलमध्ये त्याच्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. सक्तीनंतर थोड्याच महिन्यांत ते दोन टक्क्यांच्या आसपास आलं. जंतू कुणाला ठाऊक नव्हते. वास घालवायला गेला आणि मरण थोपवलं गेलं.

मात्र वासाचा असा माग काढताना माणूस चकलाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्स इतकी नासली, की संसदेच्या खिडक्यांचे पडदे क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात भिजवून टांगावे लागले. रोगराई दुर्गंधीतूनच पसरते, अशी तेव्हाच्या बहुतेक जाणकारांची समजूत होती. संसदेने घाईघाईने कायदा केला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखालून प्रचंड गटारं बांधली. हेतू वास घालवण्याचा होता. प्रत्यक्षात मैला पिण्याच्या पाण्यापासून लांब गेला आणि कॉलरा हटला. १८६६ च्या साथीने याचा पुरावाच दिला: ही साथ पूर्व लंडनमध्ये भडकली, जिथे गटारांचं काम अजून पुरं व्हायचं होतं. वास आणि रोग एकाच ठिकाणी राहत होते, पण एकच नव्हते. हा फरक कळल्यावर तंत्राचे दोन रस्ते झाले. एक घाण पचवण्याचा, दुसरा जंतू मारण्याचा.

पचवण्याच्या रस्त्यावरचा मोठा टप्पा मँचेस्टरचा. गिल्बर्ट फाउलर यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले आणि परतल्यावर मँचेस्टरच्या तरुण रसायनतज्ज्ञांना तो नाद लावला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी काचेच्या बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवा खेळवली. पहिल्या वेळी पाणी पुरतं शुद्ध व्हायला जवळजवळ पाच आठवडे लागले. इथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं पाणी ओतून दिलं, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं आणि पुन्हा हवा दिली. गाळ साठत गेला तशी वेळ घटत गेली, आठवड्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून तासांवर. आतापर्यंत कचरा समजला गेलेला गाळ हीच कामगारांची फौज होती. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. जगभरातल्या बहुतेक सांडपाणी प्रकल्पांत आज जी हवेची टाकी दिसते, ती या बाटलीचीच पणती. फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, आणि हे शास्त्र त्यांच्यासोबत इथे आलं.

ओट्यावरच्या त्या काचेच्या नळीत आर्डर्न-लॉकेट यांचाच प्रयोग रोज सकाळी पुन्हा होतो. त्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जिवाणूंचे पुंजके दिसतात आणि त्यांच्या कडेला घंटेच्या आकाराचे, देठावर डोलणारे एकपेशी जीव. ते देठासह आक्रसतात, पुन्हा ताणले जातात आणि आजूबाजूचे सुटे जिवाणू तोंडात ओढत राहतात. हे घंटेवाले भरपूर असतील, तर टाकी निरोगी. ते नाहीसे होऊन नुसते सैरावैरा धावणारे बारीक जीव दिसू लागले, तर प्राणवायू कमी पडतोय किंवा एखादं घातक रसायन आत आलंय असं समजायचं. सफाईचं पाणी, कॉस्टिक, तेल एकदम सोडलं गेलं, की याच थेंबात ते आधी कळतं.

या फौजेला खायला लागतं आणि तेही बेताचं. साखरेच्या पाण्यात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद नगण्य. म्हणून ईटीपीवर युरिया आणि डीएपीची पोती दिसतात, अगदी शेतकऱ्याच्या घरात दिसतात तशी. साखर कारखान्याची आणखी एक अडचण इतर बहुतेक उद्योगांना नसते. गाळप चालतं चार-पाच महिने, पुढचे सात-आठ महिने सांडपाणीच नाही. जिवाणू उपाशी मरतात. मग मोळी टाकून हंगाम सुरू करण्याआधी फौज नव्याने उभी करावी लागते: चालू असलेल्या प्रकल्पातून टँकरने गाळ आणायचा, नाही मिळाला तर शेण कालवायचं, गुळाचं पाणी आणि युरिया द्यायचा आणि हवा सुरू ठेवायची. ही तयारी चुकली, तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच वासाच्या तक्रारी सुरू होतात.

स्पेंटवॉशसारख्या जहाल द्रावाला मात्र हवेची टाकी पुरत नाही. इतका प्राणवायू पुरवायचा, तर विजेचं बिल आवाक्याबाहेर जाईल. तिथे उलटी युक्ती कामाला येते. हवा पूर्ण बंद करायची, आणि बंद टाकीत मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना कामाला लावायचं. ही कल्पना मुंबईला नवी नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू जमवून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. उद्योगांसाठी तिला वेग दिला नेदरलँड्सच्या वागेनिंगेनमधल्या गात्झे लेटिंगा यांनी. १९७० च्या दशकात त्यांनी पाणी खालून वर चढवणारी टाकी विकसित केली, बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर. अशा टाकीत जिवाणू आपोआप मोहरीएवढ्या गोळ्या करून राहतात, त्या जड असल्याने वाहून जात नाहीत. एक किलो सेंद्रिय भार पचला, की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन हाती येतो आणि तोच बॉयलरला जातो. या वायूत हायड्रोजन सल्फाइडही भरपूर असतो. तो वेगळा केल्याशिवाय जाळला, तर इंजिन गंजतं आणि धुराड्यातून गंधकाचा धूर जातो.

एवढं करूनही स्पेंटवॉशचा तपकिरी रंग जात नाही. तो रंग मेलानॉइडिनचा, म्हणजे भाकरीचा पापुद्रा तव्यावर तांबूस होतो त्याच रसायनकुळातला. जिवाणूंना तो सहजी पचत नाही. २००३ मध्ये केंद्रीय पातळीवर ठरलेल्या सनदेनुसार आसवन्यांनी स्पेंटवॉश नदीत सोडायचाच नाही, असं धोरण पुढे आलं. आता अनेक आसवन्या तो आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये बगॅस किंवा कोळशासोबत जाळतात. उरलेल्या राखेत पोटॅश असतं. उसाने जमिनीतून उचललेलं पोटॅश असं खत होऊन परत शेतात जाऊ शकतं.

पचवण्याचा रस्ता संपतो तिथे जंतू मारण्याचा रस्ता सुरू होतो. हा क्रम उलटा केला, तर पैसे पाण्यात. क्लोरीनला जंतू आणि घाण यांतला भेद कळत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी ते आधी झुंजतं आणि जंतूंपर्यंत पोहोचायच्या आतच संपून जातं. महाराष्ट्रातल्या गावांत क्लोरीनची ‘टीसीएल पावडर’ टाकल्यावर जलसुरक्षक नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग बघतो, ती ‘ओटी टेस्ट’ नेमकं हेच विचारते: सगळी झुंज संपल्यावर काही क्लोरीन शिल्लक राहिलं का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे.

क्लोरीनची ताकद पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. पाण्यात गेल्यावर त्याची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूच्या कवचातून सहज आत शिरतं. दुसरं हायपोक्लोराइट, जे बाहेरच अडकतं. सामू साडेसात असताना दोन्ही निम्मी निम्मी असतात. सामू साडेआठवर गेला, तर कामाचं रूप दहा टक्क्यांच्या आसपास उरतं. तेवढीच पावडर टाकूनही परिणाम का होत नाही, याचं उत्तर कित्येकदा इथे सापडतं. दुसरी गोष्ट वेळेची. क्लोरीन टाकलं आणि लगेच पाणी सोडलं, असं चालत नाही. निदान अर्धा तास संपर्क लागतो. म्हणून क्लोरीनच्या टाकीत नागमोडी भिंती असतात. पाण्याला वळसे घालत जावं लागतं आणि त्यात वेळ मिळतो.

क्लोरीनने पाणी निर्जंतुक करण्याची वाट टायफॉइडने दाखवली. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात साथ आली, तेव्हा पाण्याचे नळ ब्लीचिंग पावडरने धुतले गेले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी अभियंता जॉर्ज फुलर यांच्या मदतीने कायमस्वरूपी क्लोरीन सोडायला सुरुवात केली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथे ही पद्धत टिकली. दुसरी बाजू पुढे आली ती १९७४ मध्ये. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की नदीच्या पाण्यातल्या पाल्यापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. क्लोरीन सोडून द्यावं, असा याचा अर्थ कुणी लावला नाही. अर्थ लावला तो असा, की क्लोरीन टाकण्याआधी पाणी जितकं स्वच्छ होईल तितकं करावं.

क्लोरीनच्या भावंडांची कथाही वासातूनच निघते. उद्योगांचं फिनॉल मिसळलेल्या पाण्यात क्लोरीन टाकलं, की दवाखान्यासारखा उग्र वास येणारे क्लोरोफिनॉल बनतात. अब्जांत काही भाग असले तरी जिभेला कळतात. १९४४ मध्ये नायगारा फॉल्स शहराने या वासावर उपाय म्हणून क्लोरीन डायऑक्साइड वापरलं. त्याने फिनॉल मोडतं, पण क्लोरोफिनॉल होत नाही. नळांच्या आत साचलेल्या चिकट थरातही ते शिरतं आणि सामू वाढला तरी फारसं ढिलं पडत नाही. मात्र दाबाखाली साठवलं तर त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून ते लागेल तेवढं जागेवरच बनवतात. ओझोनचं तर नावच वासावरून पडलं. १८४० मध्ये ख्रिश्चन शोनबाइन यांनी प्रयोगशाळेतल्या विजेच्या प्रयोगात येणाऱ्या तिखट वासाला ग्रीक भाषेतल्या ‘वास येणे’ या क्रियापदावरून हे नाव दिलं. १९०६ पासून फ्रान्समधल्या नीस शहराचं पाणी ओझोनने शुद्ध होऊ लागलं. ओझोन क्लोरीनपेक्षा झपाट्याने काम करतो आणि थोड्या वेळात विरून जातो. बाटलीबंद पाण्याच्या उद्योगाला हे सोयीचं आहे. लांब नळयोजनेसाठी मात्र पुढच्या वाटेवर राखण करणारं काही उरत नाही.

अतिनील किरणांचंही तसंच. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएला अशी इजा करतो, की त्याला पिल्लावळ वाढवता येत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. या जिवाच्या कवचापुढे नेहमीच्या मात्रेतलं क्लोरीन हात टेकतं, अतिनील किरण मात्र त्याला निकामी करतात. अट एवढीच, की पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यातल्या कणामागे जंतू लपला, की प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कारखान्यात निर्जंतुकीकरणाची सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कूलिंग टॉवर. कोमट पाणी, मुबलक हवा, भिंतीवर शेवाळ आणि चिकट थर. जंतूंना याहून सुखाची जागा नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन झालं आणि नंतर न्यूमोनियाने २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. सहा महिन्यांनी जंतू सापडला. त्याचं नाव लीजनेला. कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर बसून हा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो. प्रक्रिया केलेलं सांडपाणी पुन्हा कूलिंग टॉवरला वापरणारे कारखाने आता वाढत आहेत आणि ते चांगलंच आहे. पण त्या पाण्यात जंतूंचं अन्न थोडं जास्त असतं. मग पाण्यात नुसतं क्लोरीन दाखवून भागत नाही, भिंतीवरचा थर खरवडून काढावा लागतो.

आणि एवढं सगळं करूनही वास आला तर?

सोपा उपाय अत्तराचा. कचरा डेपोवर, सांडपाण्याच्या टाकीभोवती सुगंधी द्रावणाचे फवारे उडतात. दुर्गंधीवर सुगंधाचा थर चढतो, विषारी वायू जिथल्या तिथेच राहतो. ज्या वायूने नाक बधिर होतं, त्याची उरलीसुरली सूचनाही झाकणं हा कामगारांशी अन्याय आहे. खरं काम पाण्यातच सुरू करायचं असतं. पंगतीचा नियम इथे उपयोगी पडतो: सल्फेट खाणाऱ्यांची पाळी येऊच नये म्हणून लांब गटारात कॅल्शियम नायट्रेट सोडतात. जिवाणूंना नायट्रेट मिळालं, की ते सल्फेटकडे वळत नाहीत. लोहाचे क्षार टाकले, तर सल्फाइड काळा गाळ होऊन तळाला बसतं. सामू वाढवला, तरी वायू पाण्यातच अडकतो: सामू सातला निम्मं सल्फाइड वायुरूपात जायला मोकळं असतं, नऊला जेमतेम एक टक्का. याच गणितामुळे आम्लधर्मी स्पेंटवॉश सल्फाइडयुक्त सांडपाण्यात मिसळला, की वासाचा भपकारा उठतो.

तरीही जो वायू निघेल, त्यासाठी टाकी झाकायची आणि आतली हवा पंख्याने ओढून घ्यायची. ती धुणारे मनोरे असतात. वरून कॉस्टिक आणि हायपोक्लोराइटचं पाणी झरतं, खालून हवा चढते. जिथे वायू थोडा आहे, तिथे कोळशाची चाळण पुरते. सर्वांत साधा आणि सर्वांत समाधान देणारा उपाय मात्र जैविक गाळणीचा. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड पॉमेरॉय यांनी मातीच्या थरातून दुर्गंधी हवा जाऊ देण्याची पद्धत मांडली आणि १९५७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आता मातीऐवजी कंपोस्ट, लाकडाचे तुकडे, नारळाची सोडणं वापरतात. मीटरभर उंचीच्या या ओलसर थरातून हवा अर्धा-एक मिनिट रेंगाळत वर येते आणि थरावर राहणारे जिवाणू गंधकाचा वायू खाऊन टाकतात. सांभाळायचा फक्त ओलावा. थर सुकला, की हवा भेगांतून सरळ निसटते.

वास गेला की नाही, हे ठरवणारं सर्वमान्य यंत्र आजही माणूसच आहे. युरोपच्या मानकानुसार हवा पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतात. तिथे किमान चार जणांसमोर ती शुद्ध हवेत पातळ करून ठेवतात. निम्म्या जणांना वास येईनासा होईपर्यंत किती पट पातळ करावी लागली, ते त्या वासाचं माप. या माणसांची निवड ब्युटेनॉल या रसायनाच्या ठरावीक सूक्ष्म प्रमाणावर होते. फार तीक्ष्ण नाकही चालत नाही आणि फार मंदही नाही. परीक्षेआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, अंगाला अत्तर नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, गाळप संपतं. गाड्या थांबतात, बॉयलर निवतो, कोप्या उठतात. ईटीपीवर पाणी येणं बंद होतं, आणि जाणता ऑपरेटर ब्लोअर मात्र पूर्ण बंद करत नाही. दिवसातून काही तास हवा, अधूनमधून गुळाचं पाणी, मूठभर युरिया, एवढ्यावर तो फौजेतले निदान काही गडी जगवतो. दिवाळी जवळ आली, की पुन्हा काचेची नळी धुऊन ओट्यावर ठेवली जाते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने तळाला बोटभरही गाळ दिसत नाही. तो आकडा वहीत चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नळी पुन्हा भरली जाते.